कोरोनाकाळ आणि कोर्टकचेरी : पक्षकार अजूनही विचारतात ते प्रश्न

टाळेबंदी उठून काही वर्षं झाली, तरी वकिलाच्या टेबलावरून कोरोना उठलेला नाही. आजही महिन्यातून एक-दोन पक्षकार येतात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढतात आणि सुरुवात करतात, "साहेब, हे जरा कोरोनातलं आहे." मग विषय हातउसन्या पैशांचा असो, अडकलेल्या डिपॉझिटचा असो की वारस नोंदीचा. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. त्या दोन वर्षांत कायद्याची कलमं फारशी बदलली नाहीत, दिवस मोजायची रीत बदलली. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिलं वाक्य तेच सांगतो : गोष्ट नंतर, आधी तारखा.

कोर्ट बंद होतं. त्या काळात माझी दाव्याची मुदत संपली. आता काहीच करता येणार नाही का?

सर्वात जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून जरा सविस्तर.

२३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुणी अर्ज न करता स्वतःहून दखल घेतली आणि १५ मार्च २०२० पासून सगळ्या मुदती थांबवल्या. पुढे साथ ओसरली म्हणून ही सवलत काढली, दुसरी लाट आली म्हणून परत दिली, पुन्हा काढली, पुन्हा दिली. शेवटचा आदेश १० जानेवारी २०२२ चा. त्यानुसार १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदत मोजताना वगळायचा. हे ७१६ दिवस होतात.

लोकांच्या डोक्यात मात्र "१ मार्च २०२२ पासून ९० दिवस" एवढंच बसलं. ते ९० दिवस म्हणजे किमान सवलत. १५ मार्च २०२० रोजी तुमची मुदत त्याहून जास्त शिल्लक असेल, तर ती सगळी शिल्लक १ मार्च २०२२ पासून पुढे मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २०२४ च्या एका निकालात नेमकं असंच मोजून दाखवलं.

उदाहरण घ्या. १ जून २०१८ ला मित्राला चेकने पैसे उसने दिले. तीन वर्षांची मुदत एरवी १ जून २०२१ ला संपली असती. ९० दिवसांचा हिशोब करणारा म्हणेल, २९ मे २०२२ ला विषय संपला. पण ७१६ दिवस वगळले की मुदत १८ मे २०२३ पर्यंत जाते. तेव्हा दिवाणी कोर्टाला मे महिन्याची सुट्टी असेल, तर मुदत कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कोर्ट उघडेल त्या दिवशीही दावा दाखल होतो. पैसे २०२० च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे थेट वगळलेल्या काळातच दिले असतील, तर तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून मोजायची.

तेव्हा कुणी घाईघाईने "मुदतबाह्य" म्हणून तुमची फाइल परत केली असेल, तर ती तारीख पुन्हा एकदा कागदावर मांडून बघा. आणि उलटंही : "कोरोनामुळे सगळं माफ आहे" असं म्हणून २०२५ पर्यंत गप्प बसलेल्यांनाही हेच सांगतो.

चेक घरात पडून राहिला, बँकेत टाकता आला नाही. चेक बाउन्सची केस होईल?

नाही. चेकची तीन महिन्यांची वैधता रिझर्व्ह बँकेने ठरवलेली आहे. ती वाढवा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे झाली होती. १० जुलै २०२० रोजी न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. नोटीस देण्याची आणि तक्रार दाखल करण्याची मुदत मात्र वगळलेल्या काळात धरली गेली. म्हणजे चेक वेळेत टाकून तो परत आला असेल तर सवलत, टाकलाच नसेल तर चेक बाउन्सच्या कलम १३८ चा, म्हणजे फौजदारी तक्रारीचा, रस्ता बंद. पैसे वसुलीचा दिवाणी दावा वेगळा, तो मुदतीत असेल तर करता येतो आणि तो शिळा चेक त्यात पुरावा म्हणून कामाला येतो. फेकू नका.

त्या काळात व्हॉट्सॲपवर नोटीस आली होती. ती खरी धरायची का?

धरायची. त्याच १० जुलै २०२० च्या आदेशात ईमेलने आणि त्याच्या जोडीला व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल अशा माध्यमांतून नोटीस बजावायला परवानगी मिळाली, कारण पोस्टात जाणंच अवघड होतं. मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१८ मध्येच, पीडीएफ मिळाली आणि उघडली गेली असं निळ्या खुणांवरून दिसतं म्हणून नोटीस बजावली गेली असं धरलं होतं. "मी बघितलंच नाही" म्हणणाऱ्यांची अडचण तेव्हापासूनच सुरू झाली होती.

ऑनलाइन सुनावणीत झालेलं काम पक्कं असतं का? मुलगा अमेरिकेत, सून पुण्यात, घटस्फोट व्हिडिओवरच झाला.

पक्कं असतं. ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्हिडिओ सुनावण्यांना आधार दिला. फक्त एक अट घातली होती : दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय व्हिडिओवर साक्ष नोंदवायची नाही. तुमच्या प्रकरणात साक्ष झाली असेल आणि संमतीची नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) नसेल, तर तेवढा मुद्दा वकिलाला दाखवा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात तसा प्रश्न सहसा येत नाही, कारण दोघंही एकच गोष्ट मागत असतात. सहा महिने थांबण्याची अट शिथिल करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच वाट करून दिली होती. कोरोनाने त्यात फक्त विमानाचं तिकीट वाचवलं.

तालुक्याच्या कोर्टात या सुनावण्या कशा व्हायच्या, हा वेगळा विषय आहे. रेंज मिळावी म्हणून गच्चीवर जाऊन उभे राहिलेले पक्षकार मी पाहिलेत. आवाज येईना, चेहरा दिसेना, आणि शेवटी तारीखच पडायची. तारीख पडणं हे आमच्याकडे साथीच्या आधीही होतंच.

वडील कोविड वॉर्डात होते. त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून कुणाला काय द्यायचं ते सांगितलं. हे मृत्युपत्र होतं का?

हिंदू कुटुंब असेल तर नाही. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्र लेखी हवं, त्यावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. त्या साक्षीदारांनी सही होताना पाहिलेली असावी किंवा करणाऱ्याने "ही माझी सही" असं त्यांना स्वतः सांगितलेलं असावं, आणि त्यांनी त्याच्यासमोर सही करावी. तोंडी मृत्युपत्राची सवलत युद्धावर असलेल्या सैनिकासारख्या मोजक्याच लोकांना आहे. ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला नाही. मुस्लिम कायद्यात तोंडी वसीयत चालते, पण एक तृतीयांश मालमत्तेपुरती. गोव्यात तर गोष्टच निराळी : तिथे मृत्युपत्र नोटरीपुढे होतं आणि मुलंबाळं असतील तर निम्म्या मालमत्तेवर त्यांचा हक्क राखीवच असतो.

पण ज्यांनी वॉर्डात वहीच्या पानावर चार ओळी लिहून घेतल्या आणि ड्युटीवरच्या दोन जणांच्या सह्या घेतल्या, त्यांनी घाबरू नये. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, नोटरीही नको. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असंही नाही. अडचण वेगळीच येते : पीपीई किटमधल्या त्या नर्स किंवा डॉक्टर आज कुठे आहेत? कोर्टात निदान एका साक्षीदाराला उभं करावं लागतं. कागदावर त्यांचं पूर्ण नाव आणि पत्ता नसेल, तर हॉस्पिटलच्या ड्युटी नोंदी मिळतात का ते आत्ताच विचारा. आणखी दहा वर्षांनी त्या नोंदी कुणी सांभाळून ठेवणार नाही.

व्हिडिओचं काय करायचं? ठेवा. तो मृत्युपत्राची जागा घेत नाही, पण वडील शुद्धीत होते, बोलत होते, दबावाखाली नव्हते, हे दाखवायला उपयोगी पडतो.

मी नॉमिनी आहे. मग फ्लॅट आणि बँकेतले पैसे माझेच ना?

नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक असेलच असं नाही. शेअर आणि ठेवींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी हे पुन्हा स्पष्ट केलं. सोसायटीनेही नॉमिनीच्या नावे शेअर सर्टिफिकेट केलं, तरी बाकीच्या वारसांचा हक्क संपत नाही. आयुर्विम्याचं थोडं वेगळं आहे : २०१५ नंतरच्या दुरुस्तीने आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच.

दुसऱ्या लाटेत एकाच घरातली दोन माणसं आठवड्याच्या अंतराने गेली, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली. तिथे आधी कोण गेलं यावर वारस ठरतात. तेव्हा मृत्यू दाखल्यावरची तारीख नीट तपासा. चूक असेल तर नगरपालिकेकडून दुरुस्त करून घ्या. सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत करावा असं महसूल कायदा म्हणतो, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. आता ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो.

मृत्यू दाखल्यावर "कोरोना" लिहिलेलं नाही. पन्नास हजार मिळणार नाहीत का?

मृत्यू दाखल्यावर कारण लिहिलेलं नसतंच. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १७ तसं लिहायला मनाईच करतं. हे माहीत नसल्यामुळे कित्येकांनी हेलपाटे मारले, आणि काही ठिकाणी खिडकीपलीकडच्या माणसालाही ते माहीत नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निकालानंतर प्रत्येक मृतामागे ५०,००० रुपये द्यायचं ठरलं आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयाने त्या योजनेवर शिक्कामोर्तब केलं. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो कोविड मृत्यू धरायचा, मग तो घरी झालेला का असेना. त्या ३० दिवसांतली आत्महत्याही यात धरली गेली. खून, अपघात, विषबाधा नाही.

अर्जाची मुदत मात्र संपली आहे : २० मार्च २०२२ च्या आधीच्या मृत्यूंसाठी २४ मार्च २०२२ पासून ६० दिवस, नंतरच्यांसाठी मृत्यूपासून ९० दिवस. तरीही ही मुदत ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातच एक फट ठेवलेली आहे. खरोखरच अडचण होती, म्हणजे लहान मुलंच मागे राहिली किंवा घरातलं दुसरं कुणी अंथरुणावर होतं, असं असेल तर जिल्हा तक्रार निवारण समितीपुढे गुणवत्तेवर अर्ज चालवता येतो. आशा फार धरू नका, पण अर्ज द्या आणि पोच घ्या.

दोन्ही पालक गेले. मुलाच्या नावावर शासनाने ठेवलेले पैसे कुठे असतात?

राज्याची पाच लाखांची मुदत ठेव आणि केंद्राची वयाच्या २३ व्या वर्षी दहा लाखांची तरतूद, या दोन वेगळ्या योजना आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी जात नाही. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. काका-मामांनी एवढं लक्षात ठेवावं : ही रक्कम मुलाची आहे. पालकत्वाचा आदेश हातात आला म्हणजे त्यातून घर बांधायची मुभा मिळाली असं होत नाही. असं प्रकरण माझ्यापुढे आलं होतं आणि ते गोड बोलून मिटलं नाही.

टाळेबंदीत दुकान बंद होतं. त्या महिन्यांचं भाडं द्यावं लागेल?

करारात तशी तरतूद नसेल तर द्यावं लागेल. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये हे स्पष्ट केलं : मालमत्ता नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर भाडेपट्टा सोडता येतो, काही आठवडे शटर खाली होतं म्हणून जागा ताब्यात ठेवायची आणि भाडंही नाही, असं चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही एप्रिल २०२० मध्ये पोलाद आयातीच्या एका वादात, टाळेबंदी मर्यादित काळापुरती आहे, ती कराराची जबाबदारी झटकायला पुरत नाही, असं म्हटलं होतं.

महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० ला घरमालकांना तीन महिने भाडं पुढे ढकलायला आणि थकल्यामुळे कुणाला बाहेर न काढायला सांगितलं होतं. पुढे ढकलणं म्हणजे माफी नव्हे. भाडेकरूंनी ते माफी असं वाचलं, मालकांनी ते वाचलंच नाही, आणि आजही डिपॉझिटमधून कापलेल्या त्या तीन महिन्यांवरून भांडणं येतात.

लिव्ह अँड लायसन्सची मुदत टाळेबंदीत संपली आणि तोंडीच पुढे चालू ठेवलं. धोका कुणाला?

दोघांना, पण घरमालकाला जास्त. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. राहणाऱ्यालाही ढिलाई परवडत नाही : मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. ऑनलाइन नोंदणी तेव्हाही होती. घरबसल्या होणारं काम घरातच बसून असताना राहिलं, हे आपलं वैशिष्ट्य.

डिसेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क दोन टक्के होतं म्हणून घाईत दस्त केला. आता त्यात त्रुटी निघाली आहे.

१ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या चार महिन्यांत शुल्क तीन टक्क्यांनी कमी होतं आणि मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्क्यांनी. दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर तेव्हा जत्रा भरली होती. त्या गर्दीतल्या दस्तांत गट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा यांच्या चुका भरपूर आहेत. साधी लेखनचूक चूक दुरुस्ती दस्ताने सुटते, पण त्याला समोरच्याची सही लागते. क्षेत्र किंवा किंमत बदलत असेल तर ती दुरुस्ती राहत नाही, फरकाचं शुल्क आजच्या दराने मागितलं जाऊ शकतं.

बिल्डर म्हणतो कोरोनामुळे ताबा उशिरा. किती महिने मान्य करायचे?

महारेराने (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) १५ मार्च २०२० नंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांना आधी तीन, मग एकूण सहा महिने दिले. दुसऱ्या लाटेनंतर पुन्हा सहा. ज्या प्रकल्पाची मुदत २०१८ मध्येच संपली होती, त्याला कोरोना आडवा आला नव्हता.

टाळेबंदीतला पगार कंपनीने दिला नाही. वसूल होईल?

केंद्राने २९ मार्च २०२० रोजी पूर्ण पगार द्या असा आदेश काढला होता, तो १८ मे पासून मागे घेतला गेला. १२ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका आणि दोन्ही बाजूंनी बोलून मिटवा, असं सांगितलं. त्यामुळे त्या ५० दिवसांचा पगार हा हक्क आणि तडजोड यांच्या मधोमध लोंबकळत राहिला. युनियन असलेल्या ठिकाणी काहीतरी मिळालं. एकट्यादुकट्याला क्वचित. मात्र त्या काळात तुम्ही घरून काम केलं असेल तर प्रश्नच वेगळा : केलेल्या कामाचा पगार कुठलीही साथ बुडवू शकत नाही. ईमेल आणि लॉगिनच्या नोंदी जपून ठेवा.

हप्ते सहा महिने थांबवले होते. बँकेने व्याजावर व्याज लावलं.

मार्च ते ऑगस्ट २०२० चं चक्रवाढ किंवा दंडव्याज घ्यायचं नाही, घेतलं असेल तर परत करा किंवा पुढच्या हप्त्यात वळतं करा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २३ मार्च २०२१ चा निकाल आहे. साधं व्याज मात्र माफ नव्हतं. खात्याचा उतारा काढा आणि त्या सहा महिन्यांच्या ओळी पेन्सिलने खुणा करून बघा. पतसंस्थांच्या बाबतीत हे विशेष तपासा.

हॉस्पिटलने अवाच्या सवा बिल लावलं होतं. आता तक्रार?

राज्याने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी दर बांधून दिले होते : साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षं, आणि वगळलेल्या काळातल्या बिलासाठी ती १ मार्च २०२२ पासून मोजायची. २०२१ च्या एप्रिल-मे मधल्या बिलासाठी ती फेब्रुवारी २०२४ अखेर संपली. आता विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल, आणि प्रत्येक महिन्याचा उशीर समजावून सांगावा लागेल.

लग्न २५ पेक्षा जास्त माणसांत झालं म्हणून दंड झाला. लग्न बेकायदा ठरतं का?

नाही हो. एप्रिल २०२१ मध्ये २५ माणसं आणि दोन तास अशी मर्यादा होती, मोडली तर ५०,००० रुपये दंड. दंड गर्दीला होता, सप्तपदीला नाही. विवाह नोंदणी राहिली असेल तर उशिराचं शुल्क भरून आजही होते. तीन साक्षीदार लागतात. त्या पंचविसातले तीन शोधा.

मास्क नव्हता, बाहेर फिरत होतो म्हणून कलम १८८ (सरकारी आदेश मोडणं) लागलं. पासपोर्टला अडेल का?

राज्य सरकारने २०२२ मध्ये असे टाळेबंदीभंगाचे खटले मागे घ्यायचं ठरवलं. सरकारी किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला झालेली प्रकरणं त्यात नाहीत. पण निर्णय झाला म्हणजे तुमचा खटला आपोआप संपला असं नाही. सरकारी वकिलाचा अर्ज आणि कोर्टाचा आदेश लागतो. त्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि पोलीस पडताळणीच्या वेळी तीच दाखवा. खटला अजून चालू असेल तर आणखी एक पाहा : कलम १८८ ची दखल कोर्ट फक्त संबंधित सरकारी अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवर घेऊ शकतं. कित्येक प्रकरणं याच मुद्द्यावर पडली.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला साथरोग कायदा १८९७ चा आहे. मुंबई-पुण्यातल्या प्लेगसाठी केलेला, आणि त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. सव्वाशे वर्षांनी तोच कायदा जवळपास तसाच बाहेर काढला गेला.

भावाला कोरोनात पॅरोल मिळाला होता. ते दिवस शिक्षेत धरतात का?

मे २०२० मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून ४५ दिवसांची आणि पुढे तीस-तीस दिवसांनी वाढणारी आकस्मिक अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, दिली. बाहेर असलेल्यांना परत हजर व्हायला सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी १५ दिवस दिले. बाहेर काढलेले दिवस मात्र शिक्षेतून कमी होत नाहीत. संचित रजेचे, म्हणजे फर्लोचे दिवस धरतात, अभिवचन रजेचे नाही. गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हेच सांगितलं : मुदतपूर्व सुटकेसाठी चौदा वर्षं मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. तेव्हा भाऊ घरी होता ती दोन वर्षं शिक्षेत धरून सुटकेची तारीख काढली असेल, तर ती तेवढीच पुढे ढकला.